निरोपाची गाडी

गाड्यांच्या चाव्या टांगायची पाटी भिंतीवरून निघाली तेव्हा तिच्यामागे रंगाचा एक चौकोन उघडा पडला. बाकी भिंत धुरकट होऊन गेली होती, तेवढा चौकोन मात्र नव्यासारखा हिरवा. प्रभाकरराव त्या चौकोनाकडे बघत बसले होते आणि माधवी प्रभाकररावांकडे. शिपायानं स्क्रू खिशात टाकले, पाटी काखोटीला मारली आणि विचारलं, "मॅडम, कुठं ठोकू?"

"माझ्या खुर्चीच्या मागं," माधवी म्हणाली. मुद्दाम मोठ्यानं म्हणाली.

वर्ध्यातल्या एका सरकारी रस्ते विभागाचं हे ऑफिस. बाहेरच्यांना वाटतं, अशा ठिकाणी इंजिनिअरांचं राज्य असतं. साफ खोटं. इंजिनिअर येतात, रस्ते करतात, बदलून जातात. राज्य असतं ते ज्याच्या हातात गाड्या, शिपाई, पंखे आणि विश्रामगृहाच्या खोल्या आहेत त्याचं. इथं ते राज्य वर्षानुवर्षं प्रभाकररावांचं होतं. दौऱ्यावर निघालेल्याला धड गाडी द्यायची की धक्का मारायची, हे ते ठरवत. कोणत्या शिपायानं साहेबांचा चहा आणायचा आणि कोणत्या शिपायानं प्रभाकररावांच्या घरचं दळण आणायचं, हेही तेच ठरवत. चावी मागायला आलेल्या माणसाला ते आधी उभं ठेवत. मग सावकाश तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत. खर्रा गालात गेल्यावर वर बघत आणि म्हणत, "हं, काय काम काढलं?"

नवे साहेब आले त्यांनाही पहिल्याच दौऱ्यावर धक्का मारायची जीप मिळाली. सेलूच्या अलीकडे ती बंद पडली आणि साहेब भर उन्हात बाभळीखाली उभे राहिले. परत आले ते ठरवूनच. गाड्या, शिपाई, विश्रामगृह, टेबल-खुर्च्या, बैठका, निरोप समारंभ, सगळी सोयीसुविधांची कामं एका टेबलाखाली आणायची आणि ते टेबल दुसऱ्या कोणाचं तरी असायचं. "कोण सांभाळेल?" साहेबांनी बैठकीत विचारलं. सगळे टेबलाकडे बघू लागले. माधवीनं हात वर केला. साहेबांना वाटलं, बाईला कामाची हौस दिसते. हौस तर होतीच.

तिनं खरोखर चांगलं काम केलं, हे कबूल करायलाच हवं. गाडी हवी असेल त्यानं आदल्या दिवशी सांगायचं, मिळेल की नाही ते त्याला त्याच संध्याकाळी कळायचं. शिपाई कोणाच्या घरी जाणार नाहीत. विश्रामगृहाची खोली आधी मागेल त्याला मिळेल. ऑफिस सुरळीत चालू लागलं, लोक तिला दुवा देऊ लागले. आणि या सगळ्या शिस्तीच्या आड माधवी प्रभाकररावांना रोज थोडंथोडं सोलत होती. आधी त्यांचा दळणवाला शिपाई गेला. मग त्यांची गादीची खुर्ची मिटिंगच्या खोलीत गेली आणि त्यांना मिळाली लोखंडी. मग टेबल सरकत सरकत रेकॉर्डरूमच्या दाराशी आलं. प्रत्येक वेळी ती नम्रपणे सांगायची, "काय करणार सर, नियम सगळ्यांना सारखा." आणि घरी जाताना स्कूटरवर एकटीच हसायची. असलं हसू चेहऱ्याला शोभत नाही, हे तिला माहीत होतं. तरी हसायची.

तिचे वडील प्रेमदास याच ऑफिसात रोडरोलर चालवत. जिल्ह्यातल्या अर्ध्या रस्त्यांवर त्यांच्या रोलरचं चाक फिरलेलं. त्यांचा तो रोलर अजूनही ऑफिसच्या आवारात कडुनिंबाखाली गंजत उभा होता.

या खात्यात एक रीत आहे. निवृत्तीच्या दिवशी माणूस पायी किंवा स्वतःच्या गाडीनं घरी जात नाही, ऑफिसची गाडी त्याला सोडायला जाते. बॉनेटवर झेंडूचा हार असतो. निवृत्त होणारा साहेबाच्या जागेवर बसतो, मग तो साहेब असो की झाडूवाला. दारात घरची बाई ताट घेऊन उभी असते. ती आधी गाडी आणणाऱ्याला ओवाळते, कारण त्यानं आपला माणूस सुखरूप घरी आणून सोडला, आणि मग आपल्या माणसाला. प्रेमदासांनी कितीतरी जणांच्या गाड्यांना टाटा केला होता. त्यांनाही एकदा त्या जागेवर बसायचं होतं. आयुष्यभर रोलरवर उन्हातान्हात बसलेल्या माणसाची एवढीच मागणी होती.

त्यांचा दिवस आला तेव्हा माधवी दहावीत होती. नालवाडीच्या घरी मोहल्ला जमला होता. आई, जिजाबाई, नवी साडी नेसून दारात उभी होती. तिच्या ताटात फुलं आणि एक मेणबत्ती. वाऱ्यानं मेणबत्ती विझायची, ती पुन्हा लावायची. गाडी आलीच नाही. पाहुणे जेवून गेले, काही न जेवताच गेले. अंधार पडल्यावर प्रेमदास मागच्या गल्लीनं आले. गळ्यातला हार त्यांनी पिशवीत घातला होता. आईनं ताट खाली ठेवलं.

काय झालं ते नंतर बाबांच्या एका सोबत्यानं सांगितलं, तेही हसत हसत. त्या दिवशीची जीप प्रभाकररावांनी आपल्या साळ्याच्या कुटुंबाला केळझरच्या गणपतीला न्यायला दिली होती. प्रेमदास हार घालून त्यांच्या टेबलापाशी उभे राहिले. प्रभाकररावांनी खर्रा घोटला, वर बघितलं आणि म्हणाले, "तुले गाडी कायले पाह्यजे बे? रोलर आहे ना तुहा! जाय बसून." अख्खं ऑफिस खदखदून हसलं.

माधवीनं त्या हसण्याचा अभ्यास केला, असंच म्हणायला हवं. स्पर्धा परीक्षेची पुस्तकं तिनं त्या हसण्यावर वाचली. लिपिक होऊन ती आधी यवतमाळला लागली आणि मग प्रयत्न करकरून बदली मागून याच ऑफिसात आली. आडनाव लग्नानंतर बदललेलं, त्यामुळे प्रभाकररावांनी तिला कधी ओळखलं नाही. ते तिला "पोरी" म्हणत. बाबांनी मात्र या विषयावर तोंड म्हणून उघडलं नाही. आई गेली तेव्हाही नाही. माधवीला वाटे, बाबांनी माफ करून टाकलं. साधा माणूस आहे, तो करील माफ. ती करणार नव्हती.

आणि आता प्रभाकररावांचा दिवस आला होता.

त्यांची तयारी महिनाभर चालली होती. बाकी सगळं गेलं तरी ही एक गाडी त्यांची होती, कारण रीत कोणाला मोडता येत नाही. सिंदी मेघेच्या घरापुढं मांडव पडला. मुलीचे सासू-सासरे नागपूरहून येणार होते. प्रभाकरराव रोज माधवीच्या टेबलापाशी येऊन उभे राहत, होय, उभे, आणि विचारत, "पोरी, साहेबाची गाडी पक्की ना? जीप नको हो. व्याही पाहाले येऊन राह्यले."

"पक्की आहे, सर," माधवी सांगायची.

साहेबांनी तर स्वतःच सांगून ठेवलं होतं. त्यांना त्या दिवशी नागपुरात बैठक होती, ते दुसऱ्या अधिकाऱ्यांच्या गाडीतून जाणार होते. "माझी गाडी प्रभाकररावांसाठी ठेवा," ते म्हणाले. "शेवटचा दिवस आहे माणसाचा."

त्याच आठवड्यात निवडणुकीचा हंगाम सुरू झाला. निवडणुकीसाठी ऑफिसकडे एक गाडी मागण्यात आली. माधवीनं ऑफिसच्या सगळ्या गाड्या देऊन टाकल्या. साहेबांच्या गाडीचा ड्रायव्हर गुलाब सकाळी चावी न्यायला आला तेव्हा घुटमळला.

"मॅडम, आज तं प्रभाकररावाले सोडाचं होतं ना?"

"निवडणुकीचं काम आहे गुलाबभाऊ. नाही म्हणता येतं का?"

निवडणुकीला नाही म्हणता येत नाही, हे त्यालाही माहीत होतं. तो गेला. पाटीवरचे सगळे खिळे रिकामे झाले. माधवीनं ते डोळे भरून पाहिले आणि मग हार आणायला माणूस पाठवला. हार चांगला जाड आणायला सांगितला.

समारंभ छान झाला. अर्धं ऑफिस निवडणुकीच्या प्रशिक्षणाला गेलं होतं, पण उरलेल्यांनी भाषणं केली. प्रभाकररावांना शाल, नारळ मिळाला. त्यांचे डोळे भरून आले, आणि ते बघून माधवीच्या मनात कुठं काही हललं नाही. पेढे वाटून झाल्यावर ते गळ्यात हार घालून पोर्चमध्ये येऊन उभे राहिले. दोघातिघांनी मोटरसायकली काढल्या. "बसा ना राव, सोडतो."

"छे, साहेबाची गाडी येऊन राह्यली," प्रभाकरराव म्हणाले. "तुम्ही व्हा. मोटरसायकलवर कोणी रिटायर होत असते का?"

लोक पांगले. ऊन कडुनिंबाच्या शेंड्यावर गेलं. माधवीच्या फोनवर एक अनोळखी नंबर वाजला.

"मॅडम, मी रुख्माबाई बोलून राह्यली. यायच्या घरून. यायचा फोन बंद आहे. गाडी निघाली का हो?"

प्रभाकररावांची बायको. माधवीच्या तोंडून उत्तर आपसूक निघालं. "निघाली, वहिनी. येतीलच."

थोड्या वेळानं पुन्हा तोच फोन. "लोकं विचारून राह्यले मॅडम. कुठवर आली असन?" माधवी म्हणाली, "बजाज चौकात असेल. गर्दी आहे तिकडं." तिसऱ्यांदा वाजला तेव्हाही तिनं असंच काहीतरी सांगितलं. मग पर्स उचलली, खोलीला कुलूप लावलं आणि पोर्चमध्ये आली. प्रभाकररावांच्या कपाळावर घाम होता.

"पोरी, गाडी?"

"गाडी नाही, सर. सगळ्या निवडणुकीला गेल्या."

त्यांना आधी समजलंच नाही. मग त्यांनी रिकाम्या शेडकडे पाहिलं. "पण तू तं म्हणे पक्की आहे. आता म्या काय करू?"

यावरचं उत्तर माधवीनं किती वेळा म्हणून पाहिलं होतं. आंघोळ करताना, भाकरी थापताना, रात्री कूस बदलताना. ऑफिसात ती नेहमी पुस्तकी बोलायची, आज मात्र घरची बोली आपोआप जिभेवर आली.

"तुमाले गाडी कायले पाह्यजे? थो रोलर आहे ना. जा बसून."

प्रभाकरराव तिच्याकडे बघत राहिले. मग कडुनिंबाखालच्या रोलरकडे. मग पुन्हा तिच्याकडे, आणि यावेळी तिच्या कपाळाकडे, नाकाकडे, हनुवटीकडे. त्यांच्या गालातला खर्रा चघळायचा थांबला.

"प्रेमदासची...?"

"प्रेमदासजींची," ती म्हणाली आणि स्कूटरला किल्ली लावली. फाटकाच्या बाहेर पडताना तिनं आरशात बघितलं. हार घातलेला तो माणूस नारळाची पिशवी घेऊन पायी निघाला होता. तिच्या अंगातून थंडगार पाणी प्यायल्यासारखं काहीतरी खाली उतरलं. इतकं बरं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

माहेरी, नालवाडीला, बाबा अंगणात बाजेवर बसले होते. तिनं पर्ससुद्धा खाली ठेवली नाही. सगळं सांगून टाकलं, पाटीपासून रोलरपर्यंत. मनातून ती धास्तावली होती, बाबा रागावतील म्हणून. मग बाबांचे खांदे हलू लागले. म्हातारा हसत होता! आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर.

"पुन्हा सांग," ते म्हणाले.

तिनं पुन्हा सांगितलं.

"हार होता गळ्यात? झेंडूचा?"

"जाड होता बाबा. म्याच आणवला."

"अन् खर्रा? थांबला चावायचा?"

"थांबला."

"वा वा वा." त्यांनी मांडीवर थाप मारली. "पंधरा-सोळा वर्षं झाले, रोज रात्री झोपाच्या आधी म्या त्या माणसाले त्या रोलरवर बसवतो बापा. रोज. तुले वाटलं मी इसरलो?"

माधवीला रडू फुटायचं तेवढं बाकी होतं. आपण एकटेच जळत नव्हतो, दोघं एकाच अंगणात बसून एकमेकांपासून लपवून जळत होतो. ती त्यांच्या पायाशी बसली. बाबांचं हसू हळूहळू ओसरलं.

"चालाचं काही नाई पोरी," ते म्हणाले. "जिंदगीभर रस्तेच बनवले, आपल्याच रस्त्यावर चालाले लाज कायची? मी तं मुद्दाम पुलावर बसून राह्यलो, अंधार पडू दे म्हणून. पण तुही माय... थे मेणबत्ती लावून लावून तिचं बोट पोळलं होतं. तुले माहीत नाई. रात्री म्या तिच्या बोटाले तूप लावलं. थो फोड मले अजून दिसते." ते थांबले. "त्याच्या घरी कोणी वाट पाहून राह्यलं होतं काय?"

माधवीनं तोंड उघडलं आणि तेवढ्यात पर्समध्ये फोन वाजला. तोच नंबर. ती नुसती बघत राहिली.

"कोण आहे?"

"कोणी नाई, बाबा."

फोन वाजून वाजून थांबला आणि पुन्हा वाजू लागला. बाबांनी तिच्या तोंडाकडे बघितलं. रोलरवर बसून बसून त्या माणसाची नजर कमी झाली होती, पण लेकीचं तोंड दिसायला तेवढी पुरेशी होती.

"त्याची बायको?"

माधवीनं मान डोलावली. "मी तिले सांगितलं गाडी निघाली म्हणून. तीनदा."

आता बाबा रागावले. आवाज चढवला नाही, पण अंगणातली कोंबडीसुद्धा बाजूला झाली असती असा तो राग. "त्याले रडव. त्याले पायी चालव. त्याले माफ कर असं मी म्हणतच नाई. पण थ्या बाईनं काय केलं होतं? जाय. तिले दारातून आत पाठवून ये."

माधवी निघाली. तिला स्वतःचा संताप येत होता आणि बाबांचाही येत होता. एवढी वर्षं जपलेली गोष्ट एका संध्याकाळी धड गिळूही देत नाहीत. सिंदी मेघेच्या रस्त्यावर दिवे लागले होते. प्रभाकरराव नाल्यावरच्या एका मोरीच्या कठड्यावर बसले होते. घर तिथून हाकेच्या अंतरावर होतं, मांडवाचे दिवे दिसत होते. हात केला असता तर कोणताही ऑटो थांबला असता. पण व्याह्यांपुढं ऑटोतून उतरण्यापेक्षा ते अंधार गडद व्हायची वाट बघत होते. हार त्यांनी काढून पिशवीत कोंबला होता.

तिनं स्कूटर थांबवली. "बसा."

ते जागचे हलले नाहीत. "म्या तुह्या बापाले..." ते म्हणाले. "मले आठोते सगळं. माफी..."

"मागू नका. मले द्यायची नाई," माधवी म्हणाली. "तुमच्यासाठी नाई आली मी. हार घाला, अन् बसा."

ते बसले. मांडवाशी पोचल्यावर पोरांनी ओरडा केला, व्याही उठून उभे राहिले, कोणीतरी विचारलं, "गाडी?" माधवी काही बोलायच्या आत प्रभाकरराव म्हणाले, "बंद पडली रस्त्यात. या बाईनं आणून सोडलं." मरेपर्यंत हा माणूस खोटंच बोलणार, असं तिच्या मनात आलं. यावेळी ते खोटं त्यानं तिला वाचवायला वापरलं, हेही तिला कळलं, आणि तिला ते मुळीच आवडलं नाही.

रुख्माबाई दारात होत्या. ठेंगण्या, सुती नऊवारीतल्या. ताटातलं निरांजन कितव्यांदा भरलं होतं कोण जाणे, ताटभर तूप सांडलेलं. प्रभाकरराव पुढं झाले तसं त्यांनी त्यांना हातानं मागं सारलं.

"थांबा जी. गाडी आणणाऱ्याले आधी ओवाळा लागते."

"वहिनी, राहू द्या," माधवी म्हणाली. "मला घाई आहे."

"घाई कायची? फोन करकरून म्या तुमचा जीव खाल्ला. दुसरी असती तं फोन उचलला नसता. तुमी बिचाऱ्या दरवेळेस खरं खरं सांगत गेल्या, तेवढ्यावर उभी राह्यली मी."

माधवीनं प्रभाकररावांकडे पाहिलं. ते पिशवीतल्या नारळाकडे बघत होते. रुख्माबाईंनी ताट उचललं. त्यांचा हात तिच्या चेहऱ्यापर्यंत पोचेना. टाचा उंचावून त्या ज्योत फिरवू पाहत होत्या, आणि तापलेल्या ताटाच्या कडेला त्यांचं बोट लाल झालेलं दिसत होतं.

माधवी वाकली. सगळ्यांच्या देखत, प्रभाकररावांच्याही देखत, तिनं मान खाली घातली आणि ओवाळून होईपर्यंत वर केली नाही.